बिकिनी वॅक्स शिकताना: ओढणारा हात नंतर, ताणणारा हात आधी

हातापायाचं वॅक्स अगदी सफाईने करणाऱ्या मुलीही पहिल्या बिकिनी वॅक्सला बिचकतात. संकोच असतोच, पण हातापायावर बसलेल्या सवयी इथे चालणार नाहीत, हेही आतून जाणवत असतं. जांघेत स्किन सैल असते, खाली हाडाचा आधार नसतो, केस जाड आणि खोल रुजलेले असतात आणि दोन-दोन बोटांवर त्यांची दिशा बदलते. संकोच काम करता करता कमी होतो. सवयी मात्र मुद्दाम बदलाव्या लागतात. त्यातली पहिली सवय म्हणजे लक्ष ओढणाऱ्या हाताऐवजी स्किन ताणून धरणाऱ्या हातावर ठेवायचं. तुटलेले केस, काळेनिळे डाग, सोललेली स्किन या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा या दुसऱ्या हाताची ढिलाई असते.

इथे सांगितलेलं सगळं बिकिनी लाइनपुरतं आहे, म्हणजे पँटीच्या कडेबाहेर दिसणारे केस. फुल बिकिनी किंवा ब्राझिलियन, म्हणजे पँटीच्या आतलेही केस काढणं, ही पुढची पायरी. बिकिनी लाइन न थांबता, न अडखळता जमेपर्यंत ती घेऊ नका, क्लायंटने कितीही आग्रह केला तरी.

सराव काखेवर

नवशिक्या मुलींना सराव कशावर करायचा हे कुणी नीट सांगत नाही. त्याचं उत्तर काख. काखेत स्किन सैल असते, खोलगट भाग असतो, केस दोन-तीन दिशांना वळलेले असतात आणि घाम असतो. बिकिनी लाइनच्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथे भेटतात, संकोच मात्र नसतो. काखेचं वॅक्स हार्ड वॅक्सने (पट्टीशिवाय निघणारं वॅक्स), छोट्या छोट्या पॅचमध्ये (पॅच म्हणजे एका वेळी लावलेला वॅक्सचा थर), एकही केस न तुटता जमू लागलं की हात तयार झाला समजा. मग पार्लरमधल्या एखाद्या मैत्रिणीची बिकिनी लाइन सीनियरसमोर करा. त्यानंतरची पहिली क्लायंट शक्यतो आधी हे वॅक्स करून घेतलेली असावी. दोघीही पहिलटकर असतील तर एकीची भीती दुसरीला लागते.

त्याआधी नुसतं वॅक्स ओळखायला शिका. स्वतःच्या पोटरीवर पॅच लावा आणि तो कधी चिकट असतो, कधी रबरासारखा वाकतो, कधी कडक होऊन तुटतो ते बोटाने पाहत राहा. ही वेळ घड्याळावर ठरत नाही. मुंबईत पावसाळ्यात दमट हवेत आणि घामेजल्या स्किनवर पॅच नीट धरत नाही. विदर्भात मे महिन्यात तो बराच वेळ मऊच राहतो. एसीच्या झोतात तोच पॅच बघता बघता ठिसूळ होतो. म्हणून बेडवर थेट झोत येत असेल तर तो वळवा.

कोणतं वॅक्स, किती

या भागासाठी हार्ड वॅक्स, म्हणजे बीन्स (वॅक्सचे दाणे) वितळवून लावायचं, पट्टीशिवाय निघणारं वॅक्स. ते थंड होताना केसाभोवती आवळतं आणि स्किनला कमी चिकटतं. साखर-लिंबाचं वॅक्स किंवा पट्टीचं मऊ वॅक्स पायाला उत्तम, पण ते स्किनलाही घट्ट धरतं. शिवाय एकाच जागी ते दुसऱ्यांदा लावता येत नाही आणि जांघेत दुसऱ्यांदा लावायची वेळ हमखास येते.

एका बिकिनी लाइनला साधारण ४० ते ५० ग्रॅम वॅक्स पुरतं. तरीही हीटरमध्ये निदान १५० ग्रॅम तरी असू द्या, कारण तळाशी थोडंसंच वॅक्स असलं की ते फार लवकर तापतं. बीन्स मंद आचेवर अर्धा तास आधी लावा. दाट मधासारखं झालं की आच कमी करा. स्पॅच्युला, म्हणजे वॅक्स पसरायची चपटी काडी, उचलल्यावर वॅक्स पाण्यासारखं गळत असेल तर ते भाजेल. गोळा होऊन लोंबत असेल तर नीट पसरणार नाही आणि केसांच्या मुळाशी पोचणार नाही. मध्येच लाइट जाऊन परत आली असेल तर वॅक्स कडेला उकळतं आणि मध्ये घट्ट राहतं. ढवळून एकजीव झाल्याशिवाय वापरू नका. दर नव्या क्लायंटसाठी पहिला थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. हीटरचा आकडा काहीही दाखवत असला तरी हे चुकवायचं नाही.

ट्रॉलीवर १५ ते २० लाकडी स्पॅच्युला, नायट्राइल ग्लोव्हजच्या दोन जोड्या, प्री-वॅक्स क्लीन्झर, प्री-वॅक्स ऑइल, कापूस, टिश्यू, छोटी कात्री, निर्जंतुक केलेला प्लकर, डिस्पोजेबल पँटी, बेडरोल, पोस्ट-वॅक्स ऑइल आणि सुगंध नसलेलं कोरफडीचं जेल मांडून ठेवा. स्पॅच्युला इतक्या लागतात, कारण एक स्पॅच्युला एकदाच वापरायची. स्किनला लागलेली स्पॅच्युला पुन्हा वॅक्सच्या डब्यात गेली की एकीचे जंतू दुसरीपर्यंत पोचायची वाट मोकळी होते. जाड केस निघताना रक्ताचे ठिपके येतातच, त्यामुळे हा धोका इथे हातापायापेक्षा जास्त आहे. वॅक्स गरम आहे म्हणून जंतू मरतात, या समजावर विसंबू नका. वापरायचं वॅक्स काही जंतू मारण्याइतकं गरम नसतं.

आधी विचारा, मग कपडे बदलायला सांगा

प्रश्न क्लायंट कपड्यात असताना, समोरासमोर बसून विचारायचे. बेडवर आडवी झाल्यावर कोणीही सगळ्याला 'नाही, नाही' म्हणून मोकळी होते.

'काही औषधं चालू आहेत का?' एवढंच विचारलं तर उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. नेमकं विचारा. पिंपल्ससाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत का, ओठ फार सुकतायत का? आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी ओठ हमखास कोरडे पडतात आणि स्किन इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर वरचा थर निघून येतो. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान ६ महिने वॅक्स करायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, साखर आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगा.

आणखी एक प्रश्न आपल्याकडे विचारायलाच हवा: जांघेत खाज, नायटा झाला होता का आणि त्यावर मेडिकलमधून कोणती ट्यूब आणली? आपल्याकडे नायट्यावर स्टेरॉइड मिसळलेली मलमं सर्रास लावली जातात, आणि जांघ उजळावी म्हणून लावायच्या क्रीममध्येही बऱ्याचदा स्टेरॉइड आणि ट्रेटिनॉइन असतं. ही मलमं बरेच दिवस लावली की स्किन कागदासारखी पातळ होते, तिच्यावर चमक येते, कधी लालसर रेघा पडतात. अशी स्किन दिसली तर वॅक्स नाही. कात्रीने किंवा ट्रिमरने केस बारीक करून द्या आणि स्किनच्या डॉक्टरकडे पाठवा. रेटिनॉलची किंवा ॲसिडची क्रीम त्या भागावर लावत असेल तर निदान आठवडाभर बंद ठेवून यायला सांगा.

नायटा, गळू, हर्पिसचे पाण्याचे फोड, जखम, उन्हाने भाजलेली स्किन, अलीकडे केलेलं लेझर असं काही असेल तर त्या दिवशी काम करायचं नाही. पाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आणि पाळीत दुखणं जास्त जाणवतं. पाळी संपल्यानंतरची तारीख दिलेली बरी. गरोदर बाईला डॉक्टरांची हरकत नसेल तर करता येतं, पण स्किन हळवी झालेली असते, म्हणून पॅच आणखी लहान ठेवा आणि तिला फार वेळ पाठीवर सपाट झोपवू नका. क्लायंट १८ वर्षांखालची असेल तर आई सोबत असल्याशिवाय हे काम घ्यायचंच नाही.

केसांची लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास हवी. रेझर फिरवला असेल तर तीन आठवडे तरी थांबायला सांगा. सव्वा सेंटिमीटरपेक्षा लांब असतील तर कात्रीने बारीक करून घ्या. लांब केस वॅक्समध्ये आडवे अडकतात, एकमेकांना ओढतात आणि दुखणं उगाच वाढतं.

आडोसा आणि बोलणं

दाराला आतून कडी हवी. खोलीत कुणाचाही मोबाइल नको, तुमचासुद्धा. तुम्ही तो बाहेर ठेवताय हे क्लायंटला दिसू द्या, न बोलता तिचं अर्धं ओझं उतरतं. पँटी बदलताना तुम्ही बाहेर थांबा. परत येताना दार वाजवून या. कमरेवर टॉवेल घाला आणि ज्या बाजूचं काम चालू आहे तेवढीच बाजू उघडी ठेवा.

कुठपर्यंत केस काढायचे हे पँटीच्या कडेवर बोट ठेवून तिच्याकडूनच ठरवून घ्या. मग प्रत्येक नव्या गोष्टीआधी एक वाक्य बोला, जास्त नाही. 'ताई, आता उजवीकडून सुरू करते. वॅक्स कोमट लागेल, गरम वाटलं तर लगेच सांगा.' 'इथे तुमचा हात ठेवून स्किन वर ओढून धरा.' 'थांबायचं असेल तर कधीही थांबू.' वयाने मोठी असेल तर काकू म्हणा, अंतर ठेवणारी असेल तर मॅडम. 'लाजू नका हो' म्हणू नका, त्याने ती जास्तच लाजते. केसांवर, रंगावर, शरीरावर एक शब्दही नको, चांगल्या हेतूनेही नको. जांघेचा रंग अंगाच्या रंगापेक्षा गडद असतो आणि त्यात काहीच वावगं नाही. तिथे ब्लीच किंवा 'व्हाइटनिंग' खपवायचा मोह टाळा.

प्रत्यक्ष काम

एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात वाकवून बाहेरच्या बाजूला सोडलेला, तळपाय सरळ पायाच्या गुडघ्याला टेकलेला. वाकवलेल्या गुडघ्याखाली उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल द्या. आधार नसला तर मांडीचे स्नायू आखडतात, मग कितीही ताणलं तरी स्किन सपाट होत नाही.

हात धुऊन ग्लोव्हज घाला. क्लीन्झरने भाग पुसा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. आता प्री-वॅक्स ऑइलचे दोन-तीन थेंब हातावर चोळून स्किनवर फिरवा आणि वर टिश्यू दाबून जादाचं तेल टिपून घ्या. स्किन तुकतुकीत दिसावी, ओली नाही. तेल जास्त झालं की वॅक्स केसावरून घसरतं. ऑइल लावलं असेल तर त्यावर पावडर टाकू नका, तिचा लगदा होतो.

आता कोरड्या बोटाने केस वरखाली फिरवून दिशा पाहा. बोट ज्या दिशेने सहज सरकतं ती ग्रोथ. वरच्या भागात केस साधारण खाली आणि मध्याकडे वळतात, मांडीच्या आतल्या बाजूला वेगळेच वळतात. प्रत्येकीची ठेवण निराळी असते, त्यामुळे पाठांतर उपयोगाचं नाही. जिथे दिशा वळते तिथे पॅच संपवायचा. एका पॅचमध्ये दोन दिशांचे केस घेतले की त्यातले अर्धे तुटणारच.

पॅच दोन बोटं रुंद आणि तर्जनीएवढा लांब, त्याहून मोठा नको. पहिला पॅच बाहेरच्या कडेला, मांडीकडच्या भागात लावा, तिथे केस विरळ असतात आणि तिला वेदनेचा अंदाज येतो. स्पॅच्युलावर वॅक्स घेऊन ग्रोथच्या दिशेने, थोडा दाब देत, २ ते ३ मिलिमीटर जाडीने पसरा. शेवटी स्पॅच्युला थोडी उचलून कड जाड ठेवा. हीच जाड कड पकडून ओढायचं असतं. कडा पातळ, फाटक्या राहिल्या की त्या स्किनला चिकटून बसतात आणि नखाने खरवडत बसावं लागतं. बाजूच्या कडाही बोटाने आत दुमडून घ्या.

वॅक्सवर बोट टेकवा. बोटाला काही लागलं नाही, पण दाबल्यावर खळगा पडला, की वेळ झाली. त्याच क्षणी दुसरा हात कामाला लागतो. तळहाताची कड जाड कडेच्या अगदी खाली ठेवा आणि तुम्ही वॅक्स जिकडे ओढणार त्याच्या उलट दिशेने स्किन घट्ट ताणा. एक हात पुरत नसेल तर क्लायंटचा स्वतःचा हात वरच्या बाजूला ठेवून घ्या. तिला काहीतरी काम मिळालं की भीतीही कमी होते. ताण बसला का ते पाहायची खूण सोपी आहे: वॅक्सच्या कडेला स्किनची एकही सुरकुती दिसता कामा नये.

जाड कड दोन बोटांनी सोडवा, तिला श्वास घ्यायला सांगा, आणि ती श्वास सोडत असताना ग्रोथच्या उलट दिशेला एका झटक्यात ओढा. हात स्किनला लगटून, आडवा गेला पाहिजे. पॅच निघाल्यावरही हात तसाच पुढे जाऊ द्या. नवशिक्या मुली शेवटच्या इंचाला हात आकाशाकडे उचलतात. तिथेच केस तुटतात, तिथेच स्किन उचलली जाऊन निळी पडते. मध्येच थांबणं तर त्याहून वाईट. ओढून झालं की लगेच, त्याच क्षणी तळहात त्या जागी दाबून ३-४ सेकंद धरा. दाबाने आग कमी जाणवते.

'एक, दोन, तीन' म्हणून दोनला ओढायची युक्ती काही जणी शिकवतात. पहिल्या पॅचला ती चालते, पुढच्या प्रत्येक पॅचला तुम्ही 'एक' म्हणताच क्लायंट आखडते. श्वासाशी जुळवलेलं बरं.

बाहेरच्या कडेकडून आतल्या रेषेकडे येत जा. एका जागी हार्ड वॅक्स फार तर दोनदा, तेही दुसऱ्यांदा पुन्हा तेल लावून. तरी उरलेले केस प्लकरने काढा. दोन-चार केसांसाठी तिसऱ्यांदा वॅक्स लावलं तर स्किन निघते आणि आपल्या स्किनवर त्याचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. पहिल्या काही वेळा एका बिकिनी लाइनला अर्धा तास लागेल. तेवढा वेळ बुकिंगमध्येच धरा. मागे थांबलेल्या क्लायंटच्या घाईत हे काम शिकता येत नाही.

काही बिघडलं तर

पॅच ओढताना तुकडे होत असतील तर तो पातळ लागलाय, जास्त वाळलाय किंवा वॅक्स पुन्हा पुन्हा तापवून जुनं झालंय. उरलेल्या तुकड्यावर ताजं वॅक्स लावून दोन्ही मिळून काढा, नखाने उचकटू नका. तारा सुटत असतील तर घाई झाली किंवा वॅक्स फार गरम आहे. पॅच स्वच्छ निघाला पण केस तिथेच असतील तर तेल जास्त झालं किंवा केस आखूड आहेत. पॅचमध्ये केस दिसतायत, पण टोकाला मुळाचा पांढुरका दाणा नाही, तर ते तुटलेत. ताण आणि दिशा तपासा. दर दोन-तीन पॅचनंतर काढलेलं वॅक्स उलटं करून उजेडात पाहायची सवय लावा, हातातली चूक तिथे लगेच दिसते.

जाड केसांच्या जागी रक्ताचा बारीक ठिपका येणं नेहमीचं आहे. स्वच्छ कापूस दाबून धरा. पण ओलसर, चमकदार, लाल भाग दिसला तर स्किन निघाली आहे. तिथे काम थांबवा, थंड पाण्याच्या कापसाने पुसा, पेट्रोलियम जेली लावून स्वच्छ गॉझने झाका आणि क्लायंटला सरळ सांगा. घरी गेल्यावर तिला स्वतःला दिसण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं कधीही चांगलं. भाजलं असेल तर साध्या गार पाण्यात भिजवलेला कपडा २० मिनिटं, पुन्हा पुन्हा भिजवत. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही नको. फोड आला तर डॉक्टर.

तासाभरात खाजणारे लाल पुरळ उठले तर बहुधा ती स्किनची तात्पुरती प्रतिक्रिया असते, थंड कापडाने एक-दोन दिवसांत बसते. दोन-तीन दिवसांनी पू असलेल्या पुळ्या आल्या तर केसांच्या मुळाशी संसर्ग झालाय. लाली पसरत असेल, दुखत असेल, ताप असेल तर तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगा.

नंतरचे दोन दिवस

काम संपल्यावर चिकटपणा पोस्ट-वॅक्स ऑइलने काढा, तेल टिपा, वर जेलचा पातळ हात द्या. मग क्लायंटला सांगायचं आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवायचं: पहिले ४८ तास कढत पाण्याची अंघोळ, स्विमिंग, जिम, शरीरसंबंध, घट्ट जीन्स आणि सुगंधी साबण-पावडर नको. सैल सुती कपडे घालायचे. चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मऊ कापडाने हलकं चोळायचं, म्हणजे केस आतल्या आत वळत नाहीत. वळलाच तर सुईने टोकरायचा नाही. पुढची तारीख ४ ते ६ आठवड्यांनी, मधे रेझर नाही.

बेडरोल, स्पॅच्युला, कापूस, ग्लोव्हज सगळं एका पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत टाका. प्लकर धुऊन निर्जंतुक करायला ठेवा. बेड पुसा. मग क्लायंटच्या कार्डावर चार ओळी लिहा: ग्रोथ कुठे वळते, किती पॅच लागले, कुठे दुसऱ्यांदा लावावं लागलं, स्किनवर लाली किती वेळ राहिली. पाच आठवड्यांनी ती परत येईल तेव्हा कार्ड आधी वाचून मगच हीटर लावा.